धाकटीला कुणी विचारलं?

या पानावर दर महिन्याला मी न्यू जर्सीहून तुमच्याशी गप्पा मारते. कधी इथल्या बर्फाच्या, कधी माझ्या डब्यातल्या वासाने माना वळवणाऱ्या कचेरीतल्या मैत्रिणींच्या. दिवाळी अंकासाठी मात्र संपादकांनी, ‘या वेळी एखादा मोठा प्रवास सांगा’, असे कळवले. माझ्या आयुष्यात मोठा प्रवास एकच झाला, आणि त्यात पाहण्यासारखे स्थळ एकही नव्हते. तरी तोच सांगते.

आमची थोरली इथेच जन्मली. दुसऱ्या मुलाची वाट पाहून पाहून आम्ही थकलो होतो. एके रात्री भांडी पुसता पुसता हे म्हणाले, “आपल्याला मूल हवंय, की आपल्यासारखं दिसणारं मूल हवंय?” मी नळ बंद केला. या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला पुरता आठवडा लागला. पण ते दिल्यावर पुन्हा कधी बदलावेसे वाटले नाही.

पुण्याला आईला फोन केला. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “घ्या बाई. पण एक मुलगी असताना दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही हो! तुझे बाबा वकील होते, मला ठाऊक आहे.”

आईचे खरे होते, पण ते अर्धे खरे होते. हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा १९५६ सालचा. त्यात मुलगी असलेल्याला मुलगी आणि मुलगा असलेल्याला मुलगा दत्तक घेता येत नाही. पण आम्ही ज्या वाटेने निघालो होतो ती बाल न्याय अधिनियम, २०१५ ची. तिथे ही अट नाही. आईला हे समजावले तेव्हा ती म्हणाली, “कायद्याला उशिरा का होईना, अक्कल आली!”

मग सुरू झाले कागद. यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेले, माझ्या पासपोर्टवर अजून अशोकस्तंभ. म्हणजे दोन्ही सरकारांची मर्जी राखायची. हातांचे ठसे झाले, पगाराचे दाखले झाले, डॉक्टरांची प्रमाणपत्रे झाली. घर पाहायला एक समाजसेविका आली. तिने औषधांचे कपाट पाहिले, आग लागली तर कुठून बाहेर पडाल ते विचारले, आणि मग चहाचा पेला खाली ठेवत म्हणाली, “तुम्ही लहानपणी चुकलात, की घरात कोणती शिक्षा व्हायची?” मला आठवली ती माझ्या वडिलांची छडी. ती सांगू की नको, या विचारात मी दोनदा साखर ढवळली. शेवटी सांगितली. लग्नाच्या वेळीसुद्धा मला कुणी इतके बारकाईने पाहिले नव्हते!

या कागदांचा मला फार राग येई. मग त्यांच्यामागची हकिकत वाचली आणि तो ओसरला. मुलांना परदेशी दत्तक देताना गैरप्रकार होतात, अशी तक्रार करणारे एक पत्र लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिले होते. त्या पत्रालाच याचिका मानून न्यायालयाने १९८४ साली निकाल दिला, आणि मुलासाठी आधी देशातच घर शोधावे, ते न मिळाले तरच परदेशाचा विचार करावा, अशी शिस्त घालून दिली. १९९० मध्ये ‘कारा’ ही मध्यवर्ती संस्था निघाली. पुढे १९९३ च्या हेग कराराला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली. म्हणजे हे सगळे अडथळे माझ्या वाटेत घातलेले नव्हते. कुठल्या तरी पोरीभोवती ते कुंपण होते, आणि ती पोर अजून मला भेटायची होती.

अडीच वर्षांनी फोटो आला. उन्हामुळे एक डोळा मिटलेला, हातात अर्धे बिस्किट. पुढे जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला (२०२२ च्या सप्टेंबरपासून हे काम न्यायालयाकडून त्यांच्याकडे आले आहे), तिचा पासपोर्ट तयार झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही तिघे मुंबईच्या विमानात बसलो. मी माहेरी निघाले होते. थोरली परदेशी निघाली होती. आणि जिच्यासाठी निघालो होतो, तिला आपण कुठे निघणार आहोत याचा पत्ताही नव्हता.

गाव पश्चिम महाराष्ट्रातले, जिल्ह्याचे. नाव सांगत नाही. धाकटीचेही नाव सांगत नाही. ते तिचे आहे, मोठी झाल्यावर तिला वाटले तर ती सांगेल. तेवढे मात्र सांगते, की आम्ही ते बदलले नाही. आम्ही एक छानसे नाव ठरवून नेले होते. पण पहिल्याच दिवशी संस्थेच्या अंगणात कुणी तरी तिला हाक मारली, आणि ती साडेतीन वर्षांची पोर अशी काही धावत गेली, की आमचे छानसे नाव मी पर्समध्येच राहू दिले.

तिला सांभाळणाऱ्या बाईंना सगळी मुले मावशी म्हणत. धाकटी त्यांच्या पदराआडून आमच्याकडे बघे. मी आणलेली बाहुली तिने घेतली, मावशींच्या मांडीवर ठेवली आणि परत पदराआड गेली. आठ दिवस आम्ही रोज जात होतो. तिसऱ्या दिवशी ती थोरलीशी खेळू लागली. पाचव्या दिवशी माझ्या हातून वरणभात खाल्ला. मला वाटले, जिंकलो!

त्या रात्री लॉजच्या खोलीत थोरली झोपेना. एकाएकी उठून बसली आणि तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, “आई, तिला विचारलं कोण?”

“काय विचारलं?”

“आपल्याबरोबर यायचं का म्हणून.”

हे म्हणाले, “अगं, ती एवढीशी. तिला काय विचारायचं?”

“मग सांगितलं तरी का?”

आम्ही दोघे गप्प. अडीच वर्षांत आम्ही दोन सरकारांना विचारले होते, बँकेला विचारले होते, शेजाऱ्यांना विचारले होते. मी स्वतः २०१० साली देश सोडला, तेव्हा आईने मला दहादा विचारले होते, “नक्की जायचंय ना?” आणि मी दहादा ‘हो’ म्हटले होते. तरीही मुंबईच्या विमानतळावर रडले होते.

दुसऱ्या दिवशी मावशींनाच विनंती केली. त्यांनी धाकटीला मांडीवर घेतले आणि शांतपणे सांगितले, “ही तुजी आई. हे बाबा. ही ताई. आता तू ह्यांच्या घरी ऱ्हायचं. लांब हाय घर, इमानानं जायचं.”

“तू कवा येणार?”

आता मावशी ‘उद्या येते’ म्हणतील, असे मला वाटले. मी असते तर तेच म्हटले असते. पण त्या म्हणाल्या, “म्या न्हाई यायची. तू मोठी झालीस की तूच ये.”

एवढे बोलून त्या पाणी प्यायला म्हणून आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा त्यांच्या हातात जुन्या लुगड्याचा एक धडपा होता. “हा हातात असल्याबिगर झोपत न्हाई ती,” म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला.

पुढे दिल्लीला जाऊन अमेरिकन वकिलातीतून व्हिसा घेतला. विमानात ती चार तास रडली. मला हात लावू देईना. शेवटी तो धडपा तोंडाशी धरून थोरलीच्या मांडीवर झोपली. न्यू जर्सीला उतरून पासपोर्टवर शिक्का बसला, आणि कायद्याने ती तिथल्या तिथे अमेरिकन नागरिक झाली. चौदा वर्षांत मी जे झाले नव्हते, ते ती एका शिक्क्यासरशी झाली!

त्यानंतर भेटायला आलेली मंडळी म्हणत, “केवढं पुण्याचं काम केलंत! पोरीचं नशीब उघडलं.” पहिल्यापहिल्यांदा मी नुसती हसे. आता स्पष्ट सांगते, की पुण्यबिण्य काही नाही. आम्हाला मुलगी हवी होती, ती मिळाली. उघडले असेल तर आमचे नशीब. तिचे तर एक घर सुटले आहे. त्याच्याबद्दल तिने आमचे उपकार मानावेत, हे कोणत्या न्यायाने?

तिची प्रगती कळवणारे अहवाल दोन वर्षे भारतात पाठवावे लागतात, पहिल्या वर्षी तिमाही, दुसऱ्या वर्षी सहामाही. पाच गेले, सहावा फेब्रुवारीत जाईल. त्यांत वजन, उंची, शाळा असे सगळे असते. एक गोष्ट मात्र त्यांत लिहायला रकाना नाही. आठ वर्षे आम्ही मागे लागूनही थोरली नीट मराठी बोलली नव्हती. धाकटीला दुसरी भाषाच येत नव्हती, म्हणून तीन महिन्यांत थोरली फडाफडा बोलू लागली. पण तेही धाकटीचे मराठी! आमच्या घरात आता ‘कधी’ला ‘कवा’ म्हणतात. पुण्याला आजी ते ऐकते आणि तिला ठसका लागतो.

गेल्या दिवाळीत, पहाटे अभ्यंगस्नानाला, थोरली धाकटीला उटणे लावत होती. धाकटीने मध्येच विचारले, “मावशीची आंघुळ झाली का?”

थोरलीने बोटांवर तास मोजले. “तिथं आता दुपार हाय. कवाच झाली.”

धाकटीने मान डोलावली आणि पाठ पुढे केली.

तिचा पहिला पासपोर्ट आणि तो धडपा मी कपाटात वरच्या खणात जपून ठेवले आहेत. आता ती पाच वर्षांची आहे, धडप्यावाचून झोपते. मोठी झाली की ती मावशींकडे जाईल. जायचे का, हे त्या वेळी आम्ही तिला विचारू.