51 टक्क्यांना 100 टक्के सत्ता? हा प्रश्न विचारल्याने पद हुकलेल्या प्राध्यापिका लानी ग्विनियर

समजा, एका शहरात पाच जागांची निवडणूक आहे. 10,000 मतदारांपैकी 6,000 एका गटाचे, 4,000 दुसऱ्या गटाचे. प्रत्येकाला पाच मतं, पण एका उमेदवाराला एकच देता येतं. मोठ्या गटाने एकजुटीने मतदान केलं, तर पाचही जागा त्यांच्या. 40 टक्के लोकांच्या वाट्याला शून्य.

नियमात बसलं, पण न्याय्य आहे का? अमेरिकेतल्या घटना आणि निवडणूक कायद्याच्या अभ्यासक लानी ग्विनियर यांचं बरंचसं काम याच प्रश्नाभोवती होतं.

कोर्टातून वर्गात

येल विद्यापीठातून कायदा शिकलेल्या ग्विनियर यांनी 1980च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचे खटले लढवले. 1988 मध्ये त्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवू लागल्या. 1965च्या कायद्याने मतदानातले अडथळे दूर केले होते. पण मत देता आलं, तरी आपला माणूस निवडून येईलच असं नव्हतं.

त्यांचा उपाय काय होता?

एकत्रित मतदान. म्हणजे तुमची पाचही मतं एकाच उमेदवाराला देण्याची मुभा. वरच्या शहरात 4,000 मतदारांनी दोनच उमेदवारांवर जोर लावला, तर प्रत्येकाला 10,000 मतं पडतात आणि दोघंही निवडून येतात. मोठ्या गटाला तीन जागा. कुणालाही आरक्षण नाही. अट एकच: लहान गटाने मतं विखुरू द्यायची नाहीत.

अलाबामातल्या चिल्टन काउंटीत 1988 मध्ये ही पद्धत आली आणि तिथे कृष्णवर्णीय उमेदवार निवडून आला.

मग पद का हुकलं?

एप्रिल 1993 मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यांना न्याय खात्याच्या नागरी हक्क विभागाच्या प्रमुखपदासाठी निवडलं. विरोधकांनी त्यांच्या लेखांवर बोट ठेवत 'कोटा क्वीन' असा शिक्का मारला. त्यांची पद्धत कुणासाठीही जागा राखून ठेवत नव्हती, तरीही. सिनेटपुढे बाजू मांडण्याची संधी मिळण्याआधीच, जूनमध्ये क्लिंटन यांनी नाव मागे घेतलं.

1994 मध्ये त्यांनी आपले लेख पुस्तकरूपात आणले. 1998 मध्ये हार्वर्ड लॉ स्कूलमध्ये कायमस्वरूपी प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. जानेवारी 2022 मध्ये त्यांचं निधन झालं.

आपला काय संबंध?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1955 मध्ये भाषावार राज्यांवरच्या पुस्तकात अल्पसंख्याकांसाठी हाच उपाय सुचवला होता: दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि एकत्रित मतदान. आज पुण्यासारख्या महापालिकेत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. पण अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळं मत द्यावं लागतं. सगळी मतं एकाला देता येत नाहीत.

म्हणूनच प्रभाग किंवा मतदारसंघांच्या रचनेवर वाद होतो, तेव्हा किती मतं मिळाली एवढंच पाहून भागत नाही. ती कोणत्या नियमाने मोजली, हेही तपासावं लागतं.