काचेआडचा ताण

साच्यातून निघालेली हेल्मेटची पॉलिकार्बोनेटची काच निर्दोष दिसते. मात्र वितळलेल्या प्लास्टिकचा पृष्ठभाग आधी गोठतो आणि गाभा मागाहून आकसतो. ही ओढाताण आत कायम राहते. पुढे पेट्रोल वा थिनर लागले, तर आघाताविनाही तडे जाऊ शकतात. काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवक पटलांमध्ये काच धरून उजेडात पाहिली, की हा ताण रंगीत पट्ट्यांतून प्रकटतो. सुमारे १२० अंश सेल्सिअसला तापवून सावकाश थंड केल्यास तो बराच ओसरतो. बंगळुरूच्या पीण्यासारख्या औद्योगिक वसाहतींत केवळ मापे जुळली म्हणून माल पाठवणे पुरेसे नव्हे. ज्या शहरात रामन यांनी १९३३पासून प्रकाशाची उपासना केली, तेथे ही साधी प्रकाशपरीक्षा चैन ठरू नये. त्या काचेमागे कुणाचे तरी डोळे असतात.