डॉक्टर लेकीचे विद्यावेतन कोण देते?

नीटचा निकाल लागला की पालक आमच्याकडे सल्ल्याला येतात. मुलीचा एमबीबीएसला नंबर लागल्याचा आनंद असतोच. पण पुढच्या शिक्षणाचा विषय निघाला की सूर बदलतो. "साडेपाच वर्षे हे, वर पीजीची तीन वर्षे. एवढा खर्च आणायचा कुठून? त्यापेक्षा एमबीबीएस झाली की निकाह करून टाकू," असे अब्बा म्हणतात. अम्मी गप्प बसतात.

या घरांना एक गोष्ट बहुधा कोणी सांगितलेली नसते. सरकारी किंवा महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयात एमडी, एमएस करणारी मुलगी नुसती विद्यार्थिनी नसते. ती त्या रुग्णालयाची निवासी डॉक्टर असते आणि तिला दरमहा विद्यावेतन मिळते. जे.जे. किंवा ससूनमध्ये ते राज्याच्या तिजोरीतून येते. केईएम, नायर, सायनमध्ये मुंबई महापालिकेच्या. फेब्रुवारी 2024 मध्ये निवासी डॉक्टर संपावर गेले, तेव्हा राज्य सरकारने ते महिना 10 हजार रुपयांनी वाढवले. फी भरावी लागते हे खरे. पण ही तीन वर्षे मुलगी घरावर भार होऊन शिकत नाही.

हा पैसा खैरातही नव्हे. रात्री दोन वाजता अपघाताच्या रुग्णाला टाके घालणारे आणि अडलेल्या बाळंतिणीजवळ उभे राहणारे बहुतेक वेळा निवासी डॉक्टरच असतात. सलग काम सहसा 12 तासांपेक्षा जास्त नसावे, असे केंद्राच्या 1992 च्या निवासी योजनेत लिहिले आहे. वॉर्डात मात्र त्याच्या दुप्पट तास उभे राहावे लागते. म्हणून विद्यावेतन ठरल्या तारखेला मिळावे आणि वसतिगृहात राहण्याजोगी खोली असावी, ही त्यांची मागणी रास्त आहे. मुलींच्या बाबतीत तर खोलीचा प्रश्न सुरक्षिततेचाही आहे.

आता दुसरी बाजू. साबणाची वडी विकत घेणारी मोलकरीणसुद्धा कर भरते. तिच्या पैशावर शिकलेल्या डॉक्टरवर तिचा हक्क आहे. म्हणूनच पीजीच्या काळात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते, आणि महाराष्ट्रात सरकारी जागेवर शिकल्यानंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. "बाँड पैसे भरून सोडवता येतो का?" असे काही पालक प्रवेशाआधीच विचारतात. आम्ही त्यांना सांगतो, ही अमानत आहे. ती रुग्णांच्या सेवेतूनच परत करायची असते.

तेव्हा वाचक भगिनींनो, लेकीचा प्रवेश ठरवताना तीन गोष्टी विचारा: विद्यावेतन किती आणि वेळेवर मिळते का, वसतिगृह कसे आहे, बाँड किती वर्षांचा आहे. ही उत्तरे कागदावर मांडून घरात हिशेब करा. पैसा नाही म्हणून तिचे शिक्षण थांबवायचे की नाही, ते त्यानंतर ठरवा. आणि त्या बैठकीत अम्मींनी गप्प बसू नये.