जॉर्जियातलं घर



दोन महिने हे पान रिकामं गेलं. काही भगिनींनी संपादकांकडे चौकशी केली, एकीने तर माझ्या तब्येतीसाठी दुआही मागितली. अल्लाहचा शुक्र, तब्येत ठणठणीत आहे. मी अमेरिकेत भाचीचं घर हलवायला गेले होते. तिने न्यू जर्सी सोडून जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहराजवळ बिऱ्हाड केलं आहे. दोन लहान मुलं, नवऱ्याची नवी नोकरी, सामान बांधायला हात हवे होते. जायला हवं होतं खरं तर तिच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने. ती गेली नाही, म्हणून मी गेले.

ती का गेली नाही, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जावई आफ्रिकन-अमेरिकन आहे. पाच वर्षांपूर्वी निकाह ठरला तेव्हा बहीण फोनवर मला एवढंच म्हणाली, “आपा, हबशी?” मुलगा जन्माने मुसलमान, पाच वक्त नमाजी, शिकलेला, कमावता. त्याचे वडील इमाम वारिस दीन मुहम्मद यांच्या जमातीतले. वारिस दीन मुहम्मद यांनी 1975 पासून आपल्या वडिलांच्या ‘नेशन ऑफ इस्लाम’च्या हजारो माणसांना सुन्नी इस्लामकडे वळवलं, त्या पिढीतले. हे सगळं तिला सांगून झालं. ती म्हणाली, “दीन ठीक आहे गं, पण बिरादरीत तोंड कसं दाखवू?” तेव्हापासून ती मुलीशी बोलते, नातवंडांशी बोलते, जावयाशी नाही. व्हिडिओवर तो दिसला की हिचं दूध उतू जातं.

सामान ट्रकने गेलं, आम्ही मोटारीने. सुमारे चौदाशे किलोमीटर, दोन दिवस. जावयाने निघताना सांगितलं की अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं. मी म्हटलं, आमच्याकडेही आई हेच सांगायची, मगरिबच्या आत घरी. तो हसला, मग गाडी चालवता चालवता सांगू लागला. ही सवय त्याच्या आजीची. तिच्या काळी अमेरिकेत अशी कितीतरी गावं होती, जिथे सूर्य मावळल्यावर काळ्या माणसाने दिसायचंच नाही. प्रवासात कुठे खायला मिळेल, कुठे झोपायला मिळेल, याच्या यादीचं एक पुस्तकच निघायचं. व्हिक्टर ग्रीन नावाच्या टपाल खात्यातल्या माणसाने ते 1936 साली सुरू केलं आणि ते तीसेक वर्षं चाललं. आजी जॉर्जियातल्याच एका खेड्यातली. पोटासाठी उत्तरेला गेली, जसे आपले लोक मुंबईला आणि मग कुवेतला गेले. तशी लाखो काळी कुटुंबं दक्षिण सोडून गेली होती. 1970 नंतर त्यांचीच मुलं-नातवंडं परत दक्षिणेकडे येऊ लागली, आणि सगळ्यात जास्त ओढा अटलांटाकडे. म्हणजे भाचीला हा मुलूख परका, जावयाला आजोळ.

वाटेत व्हर्जिनिया राज्यात कॅरोलाइन काउंटी लागते. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा भाग. इथे रिचर्ड लव्हिंग हा गोरा गवंडी आणि मिल्ड्रेड ही काळ्या व मूळ अमेरिकन वंशाची मुलगी राहायची. 1958 साली त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं. गावी परतल्यावर पोलिस रात्री थेट झोपायच्या खोलीत शिरले. एक वर्षाची कैद झाली, ती पंचवीस वर्षं एकत्र राज्यात पाऊल न ठेवण्याच्या अटीवर स्थगित. 12 जून 1967 रोजी सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि तोवर सोळा राज्यांत असलेले असे कायदे रद्द झाले. तरी शेजारच्या अलाबामाने आपल्या घटनेतलं ते कलम काढायला 2000 साल उजाडलं, आणि तेव्हाही सुमारे चाळीस टक्के मतदारांनी ते राहू द्या म्हणून मत दिलं. हे ऐकून मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर नुसती झाडं होती.

जॉर्जियाचा 1927 चा कायदा तर आणखी मजेदार. त्यात गोऱ्याने फक्त गोऱ्याशीच लग्न करायचं होतं, आणि ‘रंगीत’ कोण याच्या यादीत आफ्रिकन रक्ताबरोबर हिंदुस्थानी रक्तही होतं. म्हणजे माझी भाची आणि तिचा नवरा त्या कायद्याच्या लेखी एकाच पंगतीत. फरक दिसतो तो आम्हालाच.

घर पाहायला आम्ही चार दिवस हिंडलो. भाचीने किंमत, शाळा, कर यांचा तक्ता केला होता. जावयाचा तक्ता वेगळा. तो संध्याकाळी गल्लीतून पायी फिरायचा. अंगणात कोण बसलंय, मुलं कोणाची खेळतात, आपण हात हलवला तर कोणी हलवतं का. इथे अनोळखी माणसालाही हात करण्याची रीत आहे. न करणारा उद्धट ठरतो. दोन-तीन गल्ल्या अशा मिळाल्या की हात हलले नाहीत. त्या त्याने काही न बोलता यादीतून काढल्या. मला आधी हे फार हळवं वाटलं. मग एके दिवशी पोलिसाने गाडी थांबवली, मागचा दिवा बंद होता म्हणून. जावयाने काच खाली केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि कागद काढण्यापूर्वी ‘आता हात खिशाकडे नेतो’ असं सांगून मगच नेला. पोलिस सभ्य होता, सूचना देऊन गेला. पण माझा भाचेजावई, सहा फुटांचा माणूस, पुढची दहा मिनिटं काही बोलला नाही. त्यानंतर मी त्याच्या तक्त्याला नावं ठेवली नाहीत.

शेवटी जे घर ठरलं ते स्टोन माउंटन या डोंगराच्या बाजूला. हा एकसंध दगडाचा डोंगर. 1915 साली कु क्लक्स क्लान ही काळ्यांना मारणारी, जाळणारी संघटना याच्याच माथ्यावर पुन्हा उभी राहिली. डोंगराच्या अंगावर गुलामी टिकवायला लढलेल्या तिघांची घोड्यावरची प्रचंड शिल्पं आहेत, ती पुरी झाली 1972 साली. मी म्हटलं, अरे, हेच गाव मिळालं का? तो म्हणाला, “खाला, आज या गावात जास्त लोक आमचेच आहेत.” मग त्याने सांगितलं की 1997 साली इथे चक बरिस हे काळे गृहस्थ महापौर झाले, आणि ते ज्या घरात राहत, ते पूर्वी क्लानच्या एका म्होरक्याचं होतं.

शेजारीण दुसऱ्याच दिवशी पीच फळांचा पाय घेऊन आली. गोरी, सत्तरीची. पहिला प्रश्न, “तुम्ही कोणत्या चर्चला जाता?” इथे हे आपल्या ‘तुम्ही कुठले?’ सारखंच विचारतात. भाचीने सांगितलं, आम्ही मुसलमान. बाई क्षणभर थबकल्या आणि म्हणाल्या, मग पायमध्ये डुकराची चरबी नाही हे मला सांगायलाच हवं. पालेभाजीत मात्र घालतात, हे आम्ही विचारून घेतलं. रस्त्याच्या कडेला उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा विकतात, अगदी मिठाच्या पाण्यातल्या. आणि भेंडी! ती तर आफ्रिकेतूनच इथेही आली नि आपल्याकडेही.

खरा काटा टोचला तो मशिदीत. घराजवळ दोन मशिदी. एकीत बहुतेक हिंदुस्थानी-पाकिस्तानी, दुसरीत आफ्रिकन-अमेरिकन. पहिलीत जुम्याला गेलो तर बायका भाचीशी छान बोलल्या. नवरा कुठला, असं विचारलं. तिने सांगितल्यावर एकीने विचारलं, “मुसलमान कधी झाला?” जन्मापासून, म्हटल्यावर गप्प. दुसऱ्या मशिदीत एका वयस्क बाईने तिचा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, “तुझ्या घरच्यांनी त्याला आपलं म्हटलं का?” भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे पाहिलं. अबू जर रजियल्लाहु अन्हु यांनी एकाला त्याच्या आईवरून हिणवलं तेव्हा हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी त्यांना, तुझ्यात अजून जाहिलियत आहे, या अर्थाचं सुनावलं. ही हदीस मी या पानावर किमान तीनदा लिहिली आहे. लिहिणं सोपं असतं.

आणि आम्ही कुठले? मुरूडचे. ज्यांच्या राज्यात आमच्या वाडवडिलांनी तीनशेहून जास्त वर्षं शेतं कसली, ते जंजिऱ्याचे सिद्दी कोण होते? 1948 पर्यंत तिथे नवाबी होती. जुन्या कागदांत आमच्या मुलखाचं नावच हबसाण. खोकरीच्या घुमटांपाशी आम्ही बहिणी लहानपणी करवंदं वेचायला जायचो. नवाब हबशी असला तर ‘सरकार’, आणि जावई असला तर तोंड दाखवायची पंचाईत! तिकडे अमेरिकेच्या दक्षिणेतच, न्यू ऑर्लीन्समध्ये, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हुगळीकडचे बंगाली मुसलमान फेरीवाले चिकनचं कापड विकायला जात. त्यातल्या काहींनी तिथल्या काळ्या बायकांशी लग्नं करून संसार थाटले. भाची काही पहिली नाही.

परत आल्यावर हे सगळं मी बहिणीला सांगितलं, हबसाणसुद्धा. ती रागावली. म्हणाली, “आपा, तू लिहिणारी, तुला काय, माझ्या घरी लोक येतात.” तेही खोटं नाही. तिच्या धाकटीचं अजून जमायचं आहे, आणि स्थळं घेऊन येणाऱ्या बायका काय काय विचारतात ते मला ठाऊक आहे. मी वाद घातला नाही. एवढंच सांगितलं की डिसेंबरची तिकिटं काढली आहेत, चौघांची. ते मुरूडला येणार, उतरणार माझ्याकडे.

आठ दिवस फोन नाही. काल आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, भरतीचं, बोंबलाच्या भावाचं. ठेवता ठेवता म्हणाली, “त्याला तांदळाची भाकरी चालते का गं?”