प्रसूतिगृहातील वस्तरा

महाराष्ट्राच्या समाजसुधारणेच्या इतिहासात वस्तऱ्याचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील शेकडो नाभिक एकत्र जमले आणि विधवांच्या केशवपनासाठी यापुढे आपण वस्तरा हाती धरणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. सुधारकांची व्याख्याने आणि वृत्तपत्रांतील वाद त्याआधी पुष्कळ झाले होते. परंतु ज्यांच्या हातून ते कृत्य प्रत्यक्ष घडत होते त्या श्रमिकांनी नकार दिला, तेव्हा प्रश्नाचे स्वरूपच पालटले. त्याआधी, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. त्या घराच्या दाराशी गुपचूप येणाऱ्या गर्भवती विधवेच्या मस्तकावरूनही हाच वस्तरा फिरलेला असे.

केशवपन इतिहासजमा झाले. तथापि स्त्रीच्या देहावर, तिची संमती न घेता, वस्तरा चालवण्याची एक रीत अजून शिल्लक आहे आणि तिच्याविषयी पुरोगामी वर्तुळात चकार शब्द निघत नाही. प्रसूतीसाठी रुग्णालयात दाखल झालेल्या स्त्रीच्या गुह्यांगावरील केस सरसकट काढून टाकणे आणि त्याच ओघात तिला एनिमा देणे, हीच ती रीत. कळा सुरू झालेल्या, भेदरलेल्या, कित्येकदा पहिल्यांदाच रुग्णालयाची पायरी चढलेल्या बाईला ‘कपडे काढ, पाय फाक’ एवढेच सांगितले जाते. ‘हे कशासाठी?’ असे विचारण्याची तिची प्राज्ञा नसते आणि विचारलेच तर उत्तर मिळेल अशी व्यवस्थाही नसते.

ही तुलना काहींना अतिरेकी वाटेल. केशवपनामागे धर्माज्ञा होती, येथे विज्ञान आहे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तेव्हा विज्ञान काय म्हणते ते आधी पाहू. केस काढल्याने बाळंतिणीचा ताप, जंतुसंसर्ग कमी होतो काय, याची पद्धतशीर तपासणी अमेरिकेत १९२२ सालीच झाली. फायदा दिसला नाही. १९६५ साली पुन्हा तपासणी झाली, तेव्हाही दिसला नाही. एकविसाव्या शतकात थायलंडमध्ये आणखी एक चाचणी झाली. या तिन्हींतील मिळून १,०३९ स्त्रियांच्या नोंदी एकत्र तपासून संशोधकांनी निष्कर्ष काढला, की सरसकट केस काढण्याला आधार देईल असा पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली स्वाभाविक प्रसूतीविषयी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिच्यात ही रीत आणि सरसकट एनिमा या दोन्ही गोष्टी ‘हानिकारक किंवा निरुपयोगी म्हणून बंद कराव्यात’ अशा वर्गात घातल्या. २०१८ साली याच संघटनेने दोहोंची शिफारस करता येत नाही असे पुन्हा बजावले.

‘सिझेरियनचे काय?’ असा प्रश्न यावर हटकून येतो. त्याचेही उत्तर जुने आहे. कॅनडातील कॅल्गरी येथे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, वस्तऱ्याने केस काढलेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेच्या जखमेचा संसर्ग शेकडा २.३, कातरलेल्यांत १.७ आणि ज्यांचे केस काढलेच नाहीत त्यांच्यात ०.९ एवढा आढळला. कारण उघड आहे. वस्तऱ्याने त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य ओरखडे उठतात आणि जंतूंना तेथेच आयती जागा मिळते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीही वस्तरा वापरू नये, अगदीच अडथळा होत असेल तर कातरणयंत्राने तेवढेच केस कमी करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ पासूनची सूचना आहे. टाके घालायला सोयीचे पडते, हा राहिलेला युक्तिवाद. त्यासाठी कात्री पुरते. शंभर वर्षांपूर्वी ज्याचा फोलपणा दिसून आला ते कृत्य आजही शास्त्राच्या नावाने चालत असेल, तर त्याला विधी म्हणावे लागेल.

हा विधी आला कोठून? रुग्णालयांत बाळंतिणी मरत होत्या, हे खरे. परंतु त्या कोणाच्या अस्वच्छतेने मरत होत्या? व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४६ साली वैद्यकाचे विद्यार्थी शिकत त्या पहिल्या विभागात शंभरातील सुमारे ११ बाळंतिणी दगावत, सुइणी शिकत त्या दुसऱ्या विभागात ३ सुद्धा नाहीत. गरीब बायका पहिल्या विभागात नेऊ नका म्हणून पाया पडत. शवविच्छेदन करून तसेच प्रसूती करायला येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांतून मृत्यू येतो, हे इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली ओळखले आणि क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली त्या विभागातील मृत्यूचे प्रमाण शेकडा १.२७ वर आले. वैद्यकीय प्रतिष्ठितांनी त्यांची टवाळी केली, कारण सद्गृहस्थाचे हात घाणेरडे असू शकतात हे मान्य करणे त्यांना जड गेले. पुढे निर्जंतुकीकरणाचा सिद्धांत सर्वमान्य झाला खरा. पण त्याबरोबर संशयाची सुई हळूच दुसरीकडे वळली. इंग्लंड-अमेरिकेतील धर्मादाय प्रसूतिगृहांत येणाऱ्या गरीब स्त्रिया मुळातच मलिन, अंगात उवा असलेल्या, असे गृहीत धरले गेले आणि त्यांना दारातच भादरण्याची पद्धत पडली. संस्थेच्या हातांचा दोष रुग्णाच्या देहावर ढकलला गेला. कारखान्यात अपघात झाला की कामगाराच्या हलगर्जीपणाचा अहवाल तयार होतो, त्यातलाच हा प्रकार.

वसाहतींच्या मार्गाने ही रीत आपल्याकडे आली आणि येथील मातीत ती चांगलीच रुजली, कारण तिच्यासाठी भूमी तयार होती. बाळंतीण दहा दिवस अस्पर्श, तिचे अंथरूण-पांघरूण विटाळाचे, तिची नाळ कापणारी सुईणही हलक्या जातीची, ही आपली परंपरा. रुग्णालयाने सोयर मोडले असे आपण मानतो. प्रत्यक्षात विटाळाची कल्पना पांढरा डगला घालून प्रसूतिकक्षात येऊन बसली. म्हणूनच हात धुण्यासाठी साबण आहे की नाही, नळाला पाणी आहे की नाही, दोन खाटांमध्ये पडदा आहे की नाही, याची चौकशी कोणी करीत नाही. बाईचे केस काढले की स्वच्छता झाली, अशी सर्वांची समजूत असते.

ही गोष्ट पूर्वी मूठभर स्त्रियांपुरती होती, आता तसे राहिलेले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ साली देशातील शंभरातील ३९ प्रसूती रुग्णालयांत होत. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ८९ वर गेले, महाराष्ट्रात तर जवळपास ९५ वर. २००५ ची जननी सुरक्षा योजना आणि २०११ चा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम यांनी गरिबांच्या घरची बाळंतीण रुग्णालयात आणली, याचे श्रेय त्या योजनांना दिलेच पाहिजे. तिने पुन्हा घरच्या अंधाऱ्या खोलीत जावे, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. प्रश्न असा, की तिला तेथे नागरिक म्हणून वागवले जाते की मेहेरबानीची लाभार्थी म्हणून. २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिकक्षातील सन्मानपूर्वक वागणुकीचा उल्लेख सरकारनेच केला आहे. खाजगी प्रसूतिगृहात पैसे मोजणारी सुशिक्षित स्त्री ‘मला हे नको’ म्हणू शकते आणि बहुधा तिचे ऐकले जाते. सरकारी वॉर्डात मात्र ‘नको’ म्हणणाऱ्या बाईला नाटकी ठरवतात. संमतीचा हक्कही क्रयशक्तीप्रमाणे वाटला गेला आहे.

आणि वस्तरा कोणाच्या हातात असतो? डॉक्टरांच्या कधीच नाही. तो असतो वॉर्डातील मावशीच्या, आयाच्या हातात. ती बहुधा कंत्राटी, बहुधा दलित वा भटक्या जातीची, तुटपुंज्या पगारावर बारा-बारा तास राबणारी. जे काम वरच्यांना किळसवाणे वाटते ते उतरंडीच्या तळाशी ढकलले जाते. मग ती बाळंतिणीवर खेकसते आणि मूल झाल्यावर खुशीचे पैसे मागते. ग्रामीण रुग्णालयाबद्दल लोकांच्या मनात जो राग साठतो तो सारा या मावशीच्या नावावर जमा होतो. एक शोषित बाई दुसरीच्या देहावर निरर्थक वस्तरा चालवते आणि ज्यांनी तो चालवण्याचा शिरस्ता पाडला ते कोठेच दिसत नाहीत.

बाजारानेही या लज्जेचा वास घेतला आहे. गर्भारपणात संप्रेरकांच्या प्रभावाने योनिस्राव वाढतो, गुह्यांगाची त्वचा काळवंडते. दोन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत. निरोगी योनिमार्ग आम्लधर्मी असतो. तेथील उपकारक जंतू ही आम्लता राखतात आणि बाहेरच्या रोगजंतूंना रोखून धरतात, हे १८९२ साली जर्मन वैद्य आल्बर्ट डोडरलाइन यांनी दाखवून दिले. म्हणजे निसर्गाने फुकट दिलेली व्यवस्था. फुकट वस्तू विकता येत नाही, म्हणून आधी ती सदोष ठरवावी लागते. सुवासिक द्रावणे, खास साबण, पुसण्याचे ओले कागद, केस घालवणारी मलमे यांची बाजारपेठ अशी उभी राहिली. २०१२ साली अशा एका द्रावणाच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत तर त्या अवयवाच्या गोरेपणाचीही हमी होती! भांडवलशाहीने वर्णद्वेष कोठवर पोचवावा याला काही सीमा असेल असे वाटत असेल, तर तो भ्रम सोडावा.

वास्तविक गर्भवतीला यातले काहीही लागत नाही. बाहेरचा भाग साध्या पाण्याने, फार तर सौम्य साबणाने धुवावा. आतून धुऊ नये, कारण त्याने आतील आम्लता बिघडते. शौचानंतर धुताना वा पुसताना हात पुढून मागे न्यावा. चड्डी सुती, रोज धुतलेली, उन्हात वाळवलेली असावी. केस राखावेत की कमी करावेत हा सर्वस्वी तिच्या आवडीचा प्रश्न आहे. ते असण्याने गर्भाला वा प्रसूतीला बाधा येत नाही, उलट घर्षणापासून त्वचेचे रक्षण होते. कमी करायचेच असतील तर कात्रीने कातरावेत. पोट वाढल्यावर खालचे दिसत नाही, तेव्हा वस्तरा न लावणेच शहाणपणाचे. मात्र स्रावाला दुर्गंधी असेल, रंग हिरवट-पिवळा असेल, खाज वा लघवीला जळजळ होत असेल, तर लाजू नये, दवाखाना गाठावा. गरोदरपणातील मूत्रमार्गाचा संसर्ग वर चढून मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो आणि अकाली प्रसूतीचा धोका वाढवतो. एकाएकी पाण्यासारखा स्राव वाहू लागला तर तो गर्भजलाचा असू शकतो. तेव्हा तर विलंब करूच नये.

हे सारे दोन बादल्या पाणी आणि दार लागणारी मोरी यांत भागते. पण नेमके तेच मिळत नाही. २०१९-२१ च्या पाहणीत देशातील शंभरातील १९ कुटुंबांना कसलेही शौचालय नव्हते. अंधार पडेपर्यंत लघवी तुंबवून ठेवणारी, तेवढ्यासाठी दिवसभर पाणी न पिणारी गर्भवती मराठवाड्यात कोणत्याही तांड्यावर भेटेल. ऊसतोडीच्या हंगामात बीडहून पश्चिम महाराष्ट्रात गेलेली बाई सातव्या-आठव्या महिन्यातही मोळी उचलते, पहाटे साडीच्या आडोशाने अंग धुते आणि कोपीत राहते. कारखान्याचा एक दिवस पाण्यावाचून जात नाही. तिला मात्र ते हंड्याने आणावे लागते. अशा बाईच्या अंगावरून पांढरे जाऊ लागले की ‘पिशवी खराब झाली’ असे सांगून ती काढून टाकणारे वैद्य निघतात, हे २०१९ साली विधिमंडळापर्यंत गाजले. पाणी द्यायचे नाही, मग देह मलिन ठरवायचा आणि अखेर त्याच देहावर शस्त्र चालवायचे, हा क्रम वस्तऱ्यापासून गर्भाशयापर्यंत एकच आहे.

पुरोगामी कार्यकर्त्यांना हा विषय व्यासपीठावर घ्यायला संकोच वाटतो. बायकांच्या आघाडीने पाहावे, असे म्हणून तो टोलवला जातो. याच महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून असल्या विषयांवर लिहिण्याचे धैर्य दाखवले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांना न्यायालयात खेचले, तेव्हा १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांना प्रसूतिकक्षाचे दार ठोठावायला लाज वाटावी, हे नवलच.

कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात आता काही गोष्टी विचारायला हव्यात. ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात चोवीस तास पाणी आहे काय, बाळंतिणीसाठी स्वतंत्र संडास आहे काय, खाटांना पडदे आहेत काय. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत हे प्रश्न लेखी द्यावेत आणि उत्तरही लेखी मागावे. केस काढणे व एनिमा सक्तीचे नाहीत, बाईची संमती हवी, असा फलक ठळक मराठीत प्रसूतिकक्षाबाहेर लागला पाहिजे आणि आशा कार्यकर्तीने तो सातव्या महिन्यातच गर्भवतीला समजावून सांगितला पाहिजे. साखर कारखान्यांच्या तळांवर न्हाणीघरे आणि शौचालये यांची मागणी ऊसतोड कामगारांच्या कराराच्या वाटाघाटींत मजुरीच्या दराबरोबर मांडली गेली पाहिजे, दर ठरल्यानंतर उरलासुरला मुद्दा म्हणून नव्हे. आणि रुग्णालय कर्मचाऱ्यांच्या युनियनने आपल्या मागणीपत्रात कायम नेमणुकीच्या कलमाखाली आणखी एक कलम घालावे: निरुपयोगी ठरलेले हे काम आमच्या सभासद करणार नाहीत. १८९० साली मुंबईच्या नाभिकांपाशी ना कंत्राट होते, ना मान्यताप्राप्त युनियन.