अर्ध्या पाळीचा माणूस

सरकारनं तुमच्या अंगाचे भाव लावून ठेवलेत. अंगठा गेला, ३० टक्के. अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून गेलं, १४. मधलं, १२. खाटकाच्या दुकानातली पाटीच. हा तक्ता १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातला. २१ नोव्हेंबर २०२५ ला सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तो कायदा गेला. तक्ता मात्र शेपटासारखा तिच्या मागं आला.

आता कंबरेचं बोला. गोदीत गोणी वाहून वाहून कंबर जाते, ती या तक्त्यात नाही. गडी दुपारपर्यंत रेटतो, जेवून खाली बसला की उठत नाही. मुकादम म्हणतो, अर्ध्या पाळीची हजेरी नसते, फूट. डॉक्टर म्हणतो, हातपाय शाबूत, हलकं काम करू शकतोस. मुकादमाच्या वहीत तो निकामी, डॉक्टरच्या कागदावर धडधाकट. हलकं काम! खुर्चीत बसायचं काम आमच्या बापाला कुणी दिलं नाही, मोडल्या कंबरेच्या पोराला कोण देणार?

तक्त्याबाहेरच्या दुखापतीचे टक्के डॉक्टरनं ठरवायचे. कायदा त्याला विचारतो, कमाईची ताकद किती गेली? हा मोजतो, कंबर किती वाकते.

आणि कोर्टानं हे पूर्वीच निकालात काढलंय. १९६८ ला ओरिसात सिनेमा थेटरात काम करताना एक सुतार पडला, डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालक म्हणाला, एक हात आहे की, हा पुरा अपंग कसा? १९७५ ला सुप्रीम कोर्टानं मालकाला झटकलं : एका हातानं सुतारकी होत नाही. शंभर टक्के. म्हणजे हात नाही, धंदा मोजला.

दुसऱ्या दाराशी जा, तिथंही टक्केच. २०१६ च्या कायद्यानं अपंगांच्या राखीव नोकरीला ४० टक्के लागतात. केंद्राची अपंग पेन्शन ८० टक्क्यांखाली बोलतच नाही. वर दारिद्र्यरेषेची अट, आणि केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये (ऐंशीच्या खाली). अर्धा दिवस राबू शकणाऱ्याला कुठल्याच खिडकीवर नाव नाही.

तेव्हा दाखल्यावर टक्क्याशेजारी आणखी दोन रकाने पाडा : सलग किती तास? महिन्यात किती पाळ्या? आणि साक्षीला मुकादमाची हजेरीवही बोलवा. अर्ध्या पाळीला काम नाही हे त्याच्याच हातचं लिहिलेलं आहे.