गाळ कोणाचा, माणूस कोणाचा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाळाचा एक ढीग नऊ दिवस पडून होता. आकडा पक्का आहे, कारण पहिल्या दिवसापासून मी मोजत होतो. (निवृत्त माणसाला दुसरं काम काय?)

झालं असं की रात्रभर वाऱ्यासकट पाऊस कोसळला. कोपऱ्यावरचा गुलमोहर आडवा झाला आणि मागचा नाला रस्त्यावर आला. सकाळी पाणी ओसरलं. अग्निशमन दलाची माणसं येऊन झाड कापून गेली. एका होतकरू पुढाऱ्याने कापलेल्या बुंध्यावर पाय ठेवून फोटो काढून घेतला. दुपारी पोकलेन आला, त्याने नाल्यातला गाळ उपसला आणि काठावर रचून ठेवला. ओला गाळ लगेच उचलता येत नाही, डंपरमधून रस्ताभर गळतो, हे मला मान्य आहे. दोन दिवस सुकू द्यावा लागतो. पण चौथ्या दिवशी पुन्हा पाऊस आला आणि निम्मा गाळ आल्या वाटेने परत गेला. उरलेला नवव्या दिवशी एका मुलाने घमेल्याने भरला.

हा लेख त्या मुलाबद्दल आहे. गाळ हे निमित्त.

आमच्या शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मुंबईच्या आसपासचं एक शहर आहे, एवढं पुरे. आमच्या गल्लीत पूर्वी एक मावशी झाडायला यायच्या. पालिकेच्या कायम नोकरीतल्या. कोणाच्या घरचं गटार तुंबतं, कोणत्या झाकणाला तडा गेलाय, कुठल्या गच्चीवर टायर पडलेत, सगळं त्यांना पाठ. २०२३ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा भरली गेली नाही. आता कंत्राटदाराची मुलं येतात. दर दोन-तीन महिन्यांनी चेहरा बदलतो. हा मुलगा त्यातलाच. पायात रबरी चपला, हात उघडे. डाव्या टाचेला चीर पडलेली.

"अरे, गमबूट नाही दिले?" मी विचारलं.

"कायमवाल्यांना देतात काका. आमचे शेठकडून यायचेत."

त्यानंतर आठेक दिवसांनी तो यायचा बंद झाला. दुसरा मुलगा आला, त्याच्याकडून कळलं की पहिल्याला ताप भरलाय, डोळे पिवळे झालेत. मी वॉर्ड ऑफिसात गेलो. साचलेल्या पाण्यात काम केलेल्यांना लेप्टोच्या गोळ्या दिल्या का, असं विचारलं. तिथल्या बाईंनी रजिस्टर उघडून दाखवलं. व्यवस्थित होतं हो! नाव, हुद्दा, तारीख, सही. फक्त त्यात कायम कामगारांचीच नावं होती. "कंत्राटदाराच्या माणसांची नोंद आमच्याकडे नसते," त्या म्हणाल्या. त्यांचा दोष नव्हता. त्यांना दिलेल्या यादीतच तो मुलगा नव्हता.

सांगायचा मुद्दा हा. आपण 'सार्वजनिक आरोग्य', 'कर्मचारी भरती' आणि 'आपत्तीनंतरची साफसफाई' असे तीन वेगळे विभाग करतो. तीन अधिकारी, तीन फायली, अंदाजपत्रकात तीन ठिकाणी तरतूद. प्रत्यक्षात तिन्ही एकाच टाचेवर येऊन भेटतात. गाळात उतरणारा माणूस पालिका आपला मानत नसेल, तर उरलेली आरोग्यव्यवस्था हा नुसता कागद आहे.

लेप्टोस्पायरोसिस हा काही गूढ आजार नाही. उंदीर, घुशी, कुत्री, गुरं यांच्या मुतातून जंतू साचलेल्या पाण्यात आणि ओल्या गाळात उतरतात आणि माणसाच्या कातडीवरच्या चिरेतून आत शिरतात. ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांत येतो. म्हणजे पेपरातून पुराच्या बातम्या संपतात, तेव्हा. वेळेवर दिलेली डॉक्सीसायक्लिन ही स्वस्तातली गोळी पुष्कळ काही वाचवते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला (त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३!), त्यानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली. तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे घराघरात पोचला. शब्द पोचला, गोळी नाही पोचली.

आता कोणी म्हणेल, त्या पुरानंतर केवढं काम झालं! झालं ना. ब्रिमस्टोवॅडचा अहवाल १९९३ पासून पडून होता. ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेणारी मुंबईची गटारं ताशी ५० मिलिमीटरची करा, असं त्यात सांगितलं होतं. पूर आल्यावर त्यावरची धूळ झटकली गेली. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी मोठाली पंपिंग स्टेशनं उभी राहिली. त्यांचा उपयोगही होतो, नाकारत नाही. पण पंप पाणी फेकतो. गाळ, मेलेली घूस, भिजलेल्या गाद्या, कुजलेलं धान्य हे पंप फेकत नाही. ते कोणीतरी हाताने उचलतं. पंपाचं उद्घाटन होतं, कोनशिला बसते. मुकादमाच्या भरतीची कोनशिला कोणी पाहिली आहे?

माझा राग इथे आहे. आपल्या पालिकांना वस्तू विकत घ्यायला आवडतं, माणूस ठेवायला आवडत नाही. त्याला एक सरकारी कारणही आहे. पगारावरचा आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत ठेवा, असा राज्य सरकारचा दंडक आहे. कायम माणूस घेतला की तो या आकड्यात मोजला जातो. तोच माणूस कंत्राटदारामार्फत आणला की 'काम' होतो, निविदा होतो, बिल होतो. तिजोरीतून पैसा जातोच. फक्त माणूस हिशोबातून नाहीसा होतो. गमबूट, गोळी, टीटीचं इंजेक्शन, आजारपणाची रजा हेही त्याच्याबरोबर नाहीसं होतं.

ही माझी कल्पना नाही. मुंबई महापालिकेने वर्षानुवर्षं अशीच माणसं कचरा वाहायला वापरली. कचरा वाहतूक श्रमिक संघाने सुमारे २,७०० कामगारांसाठी दावा लावला. हे कंत्राट म्हणजे नुसता देखावा आहे, ही माणसं पालिकेचीच आहेत, असं औद्योगिक न्यायाधिकरणाने ठरवलं. पालिका उच्च न्यायालयात गेली, तिथे हरली. सर्वोच्च न्यायालयात गेली, एप्रिल २०१७ मध्ये तिथेही हरली. झाडूवाल्याला 'आपला' म्हणायला लागू नये म्हणून देशातली सर्वांत श्रीमंत पालिका दिल्लीपर्यंत गेली! जिचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर आहे, तिला परवडत नाही असं म्हणायचं? मग आमच्यासारख्या लहान पालिकांनी काय बोध घ्यावा?

बरं, कंत्राटाने काम तरी चोख होतं का? नालेसफाईचं बिल गाळाच्या वजनावर आणि डंपरच्या खेपांवर निघतं. २०१५ मध्ये मुंबईत या खेपांच्या नोंदीच खोट्या निघाल्या, अधिकारी निलंबित झाले. दहा वर्षांनी, मे २०२५ मध्ये, मिठी नदीच्या गाळाबद्दल ६५ कोटींच्या कथित गैरव्यवहाराचा गुन्हा नोंदवला गेला. त्यात कोण दोषी ते न्यायालय ठरवेल. पण नाल्याच्या काठी उभं राहून खेपा मोजणारा, पालिकेचा आणि पालिकेलाच जबाबदार असा माणूस प्रत्येक ठिकाणी असता, तर हे इतकं सोपं झालं असतं का?

आता तुमचा आक्षेप. ऐकू येतोय मला. "कायम कामगार काम करत नाहीत हो. हजेरी लावतात आणि पसार होतात." खरं आहे, असेही आहेत. मी पाहिलेत. स्वतः घरी बसून बदली माणूस पाठवणारेही पाहिलेत. पण त्यावरचा उपाय मुकादम नीट काम करतो का ते बघणं हा आहे. बँकेतला कारकून कामचुकार निघाला म्हणून आपण सगळी बँक रोजंदारीवर देतो का? "लोकच नाल्यात कचरा टाकतात," हाही आक्षेप खरा. आमच्याच सोसायटीतून थर्मोकोल नाल्यात जातो, माझ्या डोळ्यांदेखत. पण लोक घाण करतात हे सफाईची माणसं जास्त ठेवण्याचं कारण आहे, कमी करण्याचं नव्हे.

वेगळं करता येतं का? येतं. सुरत बघा. आपल्या खानदेशातली हजारो माणसं पोटापाण्यासाठी तिथे गेलेली. सप्टेंबर १९९४ मध्ये पुरामागोमाग तिथे प्लेगची साथ आली आणि माणसं मिळेल त्या गाडीने पळाली. आपल्याकडच्या स्टेशनांवरही घबराट होती. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांची 'एसी टू डीसी' ही घोषणा तेव्हा गाजली होती. एसी म्हणजे वातानुकूलित खोली, डीसी म्हणजे डेली चोअर्स, रोजचं काम. अधिकाऱ्यांनी सकाळचे तास रस्त्यावर घालवायचे, असा दंडक. गुजरातेत सगळेच संत आहेत असं मी म्हणत नाही, सुरतेतही काही कामं खासगी कंत्राटदारांकडे होतीच. पण कोणता रस्ता कोणाचा आणि त्याला जाब कोण विचारणार, हे ठरलेलं होतं. देशातल्या सर्वांत घाणेरड्या शहरांत गणली जाणारी सुरत दोनेक वर्षांत स्वच्छतेसाठी ओळखली जाऊ लागली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचं पाणी सुटून तीच सुरत बुडाली, तेव्हा साफसफाई झपाट्याने झाली आणि १९९४ सारखी पळापळ पुन्हा झाली नाही.

आणि सव्वाशे वर्षं मागे जायचं तर आपलीच मुंबई. १८९६ च्या प्लेगात घरोघर झडत्या आणि इस्पितळांत सक्तीची भरती सुरू झाली, तेव्हा शहरातले हलालखोर आणि बिगारी गाव सोडून जाण्याच्या गोष्टी करू लागले. त्या वेळचे आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी सक्ती सैल केली. ही माणसं गेली तर शहर संपलं, हे त्यांना कळलं होतं. गोऱ्या साहेबाला प्रेम होतं असं नाही, पण हिशोब येत होता. आपल्याला तोही येईनासा झालाय. २२ मार्च २०२० ला आपण गॅलरीत उभे राहून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. टाळीला आस्थापना खर्च लागत नाही.

तो मुलगा तीन आठवड्यांनी परत आला. निम्मा झाला होता. सरकारी रुग्णालयात वाचला, हेही सांगायला हवं. तिथल्या डॉक्टरांनी वेळेत ओळखलं. पण कामावर 'गैरहजर' म्हणून त्याचं नाव कापलं गेलं होतं. तीन आठवड्यांची मजुरी नाही, औषधाचे पैसे नाहीत, आणि पालिकेच्या दप्तरात त्या पावसाळ्यात लेप्टो झालेला एकही सफाई कामगार नाही. कसा असेल? जो त्यांचा नव्हताच, त्याला आजार तरी कसा होणार!

मी फार मोठं काही मागत नाही. मे महिना संपायच्या आत प्रत्येक वॉर्डाने पावसाळ्यात गाळात उतरणाऱ्या प्रत्येक माणसाची नावानिशी यादी करावी, मग तो कोणाच्याही पगारावर असो. गोळ्या, गमबूट, हातमोजे त्या यादीप्रमाणे द्यावेत. काढलेला गाळ किती तासांत उचलायचा ते ठरवून नाल्याच्या काठी पाटी लावावी, खाली जबाबदार माणसाचं नाव लिहावं. आणि रिकाम्या जागा भराव्यात. कायम.

तुम्हीही एक करू शकता. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आपल्या वॉर्डात सफाई कामगारांची मंजूर पदं किती, भरलेली किती आणि गेल्या पावसाळ्यात लेप्टोच्या गोळ्या किती जणांना दिल्या, एवढे तीनच प्रश्न विचारा. मी विचारले आहेत. उत्तर आलं की इथे लिहीनच.

असो. गमबुटांचा एक जोड मी घेऊन ठेवलाय, आठ नंबरचा. त्या मुलाला दिला असता, पण तो आता कुठल्या बीटवर आहे ते चौकीवर कोणालाच सांगता आलं नाही.